खळ न लावलेली लढाई

बाबा, तुम्ही गेलात आणि खळ लावायची राहिली.

त्या दिवशी घरात जे जे अर्धवट राहिलं, ते नंतर कोणी ना कोणी उरकलं. गॅसवरचं दूध शेजारणीनं उतरवलं. वाळत घातलेले कपडे पाहुण्यांपैकी कोणीतरी काढले. अनंतानं पेपरात द्यायचा मजकूर लिहिला. तुम्ही सायझिंगमध्ये मुकादम होतात, कामतघरच्या मंडळाचे सल्लागार होतात, मागे पत्नी, मुलगा, सून आणि मोठा आप्तपरिवार आहे, हे सगळं त्यात आलं. नवऱ्यानं मन लावून लिहिलं होतं म्हणून मी काही बोलले नाही. पण त्यात तुमचे शिपाई नव्हते. शिपाई वगळले तर तो मजकूर कामतघरच्या कुठल्याही म्हाताऱ्याचा होईल. म्हणून मी हे वेगळं लिहायला बसले आहे, आणि तुम्हालाच लिहिते आहे, कारण दुसऱ्या कोणाला सांगायचं तर आधी तासभर समजावत बसावं लागेल.

खळीचंच बघा ना. लूमवर चढवण्याआधी सूत कडक व्हावं म्हणून सायझिंगमध्ये जी खळ लावतात, ती तुम्ही नोकरी सुटल्यावरही वाटीभर आणवून घ्यायचात. आईंना वाटायचं धोतराला हवी असेल. ती जायची वर, पोटमाळ्यावर. खाली आपण भाड्यानं दिलेले लूम, आणि त्यांच्या डोक्यावर दोन लाकडी घोड्यांवर टाकलेल्या प्लायवूडवर तुमचं रणांगण. लूम सुरू झाले की सगळा माळा थरथरतो. इंचभर उंचीचे शिशाचे शिपाई त्या थरथरीनं आपोआप चालायला लागतात. म्हणून तुमचा आणि तुमच्या दोस्ताचा, दाऊदचाचांचा खेळ फक्त शुक्रवारी, लूम बंद असताना. आणि संध्याकाळी चाचा नारपोलीला घरी जायला निघाले की तुम्ही काडीच्या टोकानं एकेका शिपायाच्या पायाखाली खळीचा ठिपका लावायचात. पुढच्या शुक्रवारी ओल्या फडक्यानं पाय सोडवायचे आणि लढाई जिथे थांबली तिथून पुढे.

त्या शुक्रवारी तुम्ही डावाच्या मध्येच उठलात. पाळी तुमची होती. चाचांना म्हणालात, "जरा पडून येतो. कशाला हात लावू नको. खाली विचार करतो, मंग सांगतो." चाचांनी खरोखरच हात लावला नाही. ते वर वाट बघत बसले, आणि मी चहा घेऊन तुम्हाला उठवायला गेले. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

आता वर्षानुवर्षं मनात घोळणारं पहिलं सांगते. मी तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा ब्रश सोडून आले होते. माहेरी, कोन गावात, आमच्या वडिलांचा गणपतीचा कारखाना होता आणि डोळ्यांची आखणी माझ्याकडे होती. रंग कोणीही देतो. पण डोळे काढायला हात लागतो, आणि तो माझा होता, हे मी मिजाशीनं सांगायची. वडील गेले, भावानं कारखाना बंद करून तिथे गोडाऊन बांधलं, माझं लग्न झालं. मग हात भाकऱ्यांना लागला. मला त्याचं दुःख होतं का, असंही कोणी विचारलं नाही, आणि मीही कोणाला सांगितलं नाही.

एकदा चहा घेऊन वर आले तर तुम्ही सुताच्या रिकाम्या कांडीच्या टोकावर मेणानं एक शिपाई चिकटवला होता आणि त्याच्या तोंडाची वाट लावत होतात. कोट सुरेख झाला होता. आधी साच्याच्या सांध्याची शीर कानशीनं घासलेली, मग अस्तराचा रंग, मग लाल, आणि घड्यांमध्ये काळपट पाणी सोडून सावली. बारीक काम तुम्हाला उत्तम जमायचं. पण डोळे म्हणजे दोन फोड आल्यासारखे दिसत होते. मी चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिले. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि विचारलंत, "काय बगतंस? तुला येतंय?" मी कांडी तुमच्या हातातून घेतली. सासऱ्यांच्या हातातली वस्तू अशी ओढून घेतली हे नंतर आठवून मलाच घाम फुटला. पण तेव्हा हात थांबला नाही. श्वास रोखला, पांढरा ठेवला, त्यावर काळा टेकवला, वरून पापणीची रेघ ओढली.

तुम्ही भिंग लावून पुष्कळ वेळ बघत राहिलात. मग खाली जाऊन आईंना सांगितलंत, "शुक्रवारी दुपारी हिला हाक मारू नको. हिला काम हाय." आई चकित झाल्या, मीही झाले. शुक्रवारची दुपार आणि लोडशेडिंगमध्ये लूम थांबायचे तेवढा वेळ, माळ्याची खिडकी माझी झाली. लोकांच्या घरात लाईट गेली की शिव्या यायच्या. आपल्या घरात तुम्ही जिन्यातून हाक मारायचात, "कुंदे, गेली. चल वर." बाबा, माझा हात तुम्ही मला परत दिलात. याचे आभार मी कधी मानले नाहीत, कारण आपल्यात तशी पद्धत नाही. आता मानते.

आभार झाले, आता भांडण. ते अजून मिटलेलं नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून मी माघार घेणार नाही.

पहिली पन्नासेक माणसं मी गणपतीच्या अंगवळणी पडलेल्या हातानं केली. कोपऱ्यात लाल, पापणी लांब, आणि नजर समोर बसलेल्याच्या डोळ्यांत. दाऊदचाचा टेबलाच्या पलीकडून इंग्रजांची बाजू खेळायचे. त्यांच्याकडे तुमच्या मराठ्यांची तोंडं. त्यांनी एकदा बघितलं आणि फासे खाली ठेवले. म्हणाले, "कुंदाबेटी, हे मला मारणार हायेत की आशीर्वाद देणार?" तुम्ही इतकं हसलात की तुमचा घोडेस्वार नदीत पडला. नदी म्हणजे निळा रंगवलेला पुठ्ठा होता, म्हणून तो वाचला.

लाल कोपरा मी सोडला, पापणी आखूड केली. नजर मात्र सोडली नाही. तुमचं म्हणणं, शिपायानं शत्रूकडे बघावं, माणसाकडे नव्हे. चाचांचे इंग्रजही मीच रंगवले होते आणि ते सगळे तुमच्याकडे टक लावून बघायचे. "यो माज्याकरं काय बगतंय? मी याचं काय केलंय?" असं तुम्ही चिडून विचारायचात. मी म्हणायचे, त्याला मारायचा हुकूम तुम्हीच देता, मग त्यानं बघू नये तर काय करावं? ज्या डोळ्याला समोरचं माणूस दिसत नाही तो डोळा कसला? तुम्ही म्हणायचात, हे देव नव्हेत. मी म्हणायचे, देव नाहीत म्हणूनच. एकदा तुम्ही माझ्या नकळत एका पलटणीची बुबुळं कडेला सरकवलीत. मी पुढच्या लोडशेडिंगला ती परत मध्ये आणली. आपण दोघंही त्याबद्दल अवाक्षर बोललो नाही आणि जेवताना एकमेकांना आमटी वाढली.

आईंचं मत तिसरंच होतं. त्या एकदाच वर आल्या, गुडघे धरून. चाचांच्या पुतण्यानं इंग्लंडहून पाठवलेल्या पुस्तकात बघून तुम्ही शिंद्यांच्या कवायती पायदळालाही लाल कोट दिले होते, पलीकडे इंग्रजांचेही लाल. आईंनी दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सगले लालच हान. मंग भांडतान कनाला?" तुम्ही त्यांना पागोट्यांतला फरक समजावत राहिलात आणि त्या खाली निघून गेल्या.

शिंदे आणि इंग्रजांमधली असईची लढाई तुम्ही किती शुक्रवार खेळलात, कोण जाणे. दर वेळी तुमच्याकडे मराठे, दर वेळी नदी ओलांडून चाचांचे इंग्रज येणार, आणि दर वेळी तुमच्या तोफा. खरी लढाई आपण हरलो ती पुस्तकात आहे, पण तोफांजवळचे गोलंदाज जागेवरून हलले नाहीत तेही पुस्तकातच आहे. म्हणून तुम्ही तोफा कधी मागे घ्यायचा नाहीत. चाचा सांगायचे, अरे बाबा, मागे घे, पुढच्या पाळीला जिंकशील. तुम्ही मान हलवायचात. फासे पडायचे, माणसं जास्त मेली की 'काळीज बघायची' वेळ यायची. पलटण उभी राहते की पळते ते फाशांवर ठरवायचं, त्याला तुम्ही दोघं काळीज बघणं म्हणायचात. इंग्रजीत काय म्हणतात मला ठाऊक नाही. मला सगळे नियम मराठीतूनच आले, तेही जिन्यात बसून ऐकून.

हो, जिन्यात. शुक्रवारी चाचा आले की मी डोळ्यांचं काम आवरून उठायची. चहा द्यायची, कप न्यायची, आणि खाली न जाता मधल्या पायरीवर बसायची. घोडदळ किती बोटं पुढे जातं, तोफ कुठवर पोचते, नदीतून चालताना किती वेळ लागतो, सगळं पाठ झालं होतं. कधी कधी तुमची चूक मला तुमच्याआधी कळायची आणि मी तिथे बसून ओठ चावायची. मला खेळायचं होतं, बाबा. काही मोठं नाही, एक डाव. ते तुम्हाला कधी सुचलं नाही याचा मला राग यायचा, आणि आजही आहे. डोळे काढायला चालते ती फासे टाकायला का नाही चालत?

चाचा पुतण्याच्या लग्नाला इंग्लंडला गेले होते, ते दिवस आठवतात? तुम्ही एकटेच खेळायचात. या खुर्चीवर बसून मराठे हलवायचे, मग उठून, टेबलाला वळसा घालून त्या खुर्चीवर बसायचं आणि इंग्रज हलवायचे. गुडघा दुखायचा, तरी. मी खिडकीपाशी एका हत्तीच्या माहुताचे डोळे काढत होते. एकदा तुम्ही टेबलाच्या मधोमध, दोन्ही खुर्च्यांच्या बरोबर मध्ये थांबलात आणि माझ्याकडे बघितलंत. बराच वेळ. मीही ब्रश खाली ठेवला. तुम्ही विचारलंत, "काय गो?"

मी म्हटलं, "चहा ठेवू?"

तुम्ही म्हणालात, ठेव.

त्यावेळी तुम्ही मला बोलावणार होतात का, हे मला कळायला हवं आहे. दुसरं काही नको. कुठल्या कपाटात शोधून सापडेल असं ते नाही, चाचांना विचारून कळेल असंही नाही. तुम्ही मधोमध उभे होतात, एक खुर्ची रिकामी होती, मी होते. चहा ठेवायला मी खाली गेले आणि परत आले तेव्हा तुम्ही पलीकडच्या खुर्चीवर बसून स्वतःच्याच तोफांवर चाल करत होतात.

तुमच्या सुतकात पहिले काही दिवस खालच्या भाडेकरूनं लूम बंद ठेवले. मग एके दिवशी दाराशी येऊन त्यानं अनंताला हळूच विचारलं, कारीगर बसून आहेत, चालू करू का? अनंतानं हो म्हटलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. त्या आवाजानं आई पहिल्यांदा पोटभर रडल्या, कारण तोवरच्या शांततेत त्यांना रडू येत नव्हतं. पण वर कोणी गेलं नाही. मलाही सुचलं नाही. खळीची वाटी माळ्यावर वाळून खडखडीत झाली होती.

तेराव्यानंतर अनंता म्हणाला, भाडेकरूला सुताच्या गोणी ठेवायला माळा हवा आहे, बाबांचं सामान ट्रंकेत भरून ठेवू. बाबांची भातुकली असंही म्हणाला, पण प्रेमानं. मी म्हटलं, एक डाव अर्धा आहे, येत्या शुक्रवारी चाचांना बोलावते, मग भरू. त्यानं विचारलं, डाव कोण पुरा करणार? मी म्हटलं, बघू. बाबा, मला तेव्हाच माहीत होतं कोण ते. आणि सुतक फिटलं न फिटलं तोच असली इच्छा मनात यावी याची लाजही वाटत होती.

काल चाचा आले. पायऱ्या चढताना दोनदा थांबले. मी पुढे होते, मी दार लोटलं, आणि आम्ही दोघंही दारातच उभे राहिलो.

तुमची लढाई जागेवर नव्हती. इतके दिवस लूम चालले आणि तुमची माणसं चालत राहिली. प्लायवूडला खिडकीच्या बाजूला जरा उतार आहे, सगळे तिकडे गेले होते. मराठे, इंग्रज, घोडे, हत्ती, एका कोपऱ्यात खांद्याला खांदा लावून उभे. कोणाचा भाला कोणाच्या पाठीशी, कोणाचं निशाण कोणाच्या हातात अडकलेलं. कित्येक कडेवरून खाली पडलेले. तोफा तेवढ्या जड म्हणून मधे राहिल्या होत्या. चाचा आधी हसले. म्हणाले, "बघ, तो नाय तर सगळे एक झाले." आणि मग खाली जमिनीवर बसून पडलेले शिपाई गोळा करायला लागले, आणि गोळा करता करता रडायला लागले.

मी माणसं मांडायला घेतली. प्रत्येकाचा चेहरा मला ठाऊक होता, त्यामुळे कोणाला कुठल्या पलटणीत ठेवायचं ते बघावं लागलं नाही. पण जागाही आठवत होत्या. डावी बाजू ओढ्यापर्यंत, उजवीकडे गावाची भिंत, इंग्रजांची एक तुकडी वाट चुकून फार पुढे आलेली. चाचा बघत राहिले. "तुला कसं मालूम, बेटा?"

"चहा द्यायला यायचे ना."

चाचांनी गोळा केलेले शिपाई माझ्यापुढे सरकवले. सगळं लागल्यावर तुमच्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाले, "बस. पाळी त्याची हाय, त्याच्या बाजूनं तूच खेळ."

मी बसले. इतकी वर्षं जी जागा हवी होती ती. गादीला तुमच्या बसण्याचा खळगा होता. समोर सगळ्या पाठी, पागोट्यांचे मागचे शेमले, पट्ट्यांच्या फुल्या, आणि त्यांच्या पलीकडे चाचा. मी फासे हातात घेतले आणि मला कळलं की हे मला नको आहे. तुमच्या जागी बसून तुमचा डाव मी काय खेळणार? मला तुमच्या जागी बसायचंच नव्हतं कधी, तुमच्या समोर बसायचं होतं. मी उठले. चाचांना म्हटलं, "तुम्ही बाबांच्या बाजूनं खेळा. मी पलीकडे बसते."

"मग इंग्रज तू?"

"हो."

चाचांना ते लगेच समजलं. आयुष्यभर ज्या फौजेशी लढले तिच्या मागे जाऊन ते बसले, आणि मी त्यांच्या खुर्चीवर. मग आमचं वाजलं. चाचांनी तोफा मागे घ्यायला हात घातला आणि मी म्हटलं, बाबा असं कधी करणार नाहीत. चाचा म्हणाले, त्या दिवशी उठायच्या आधी त्यानं तोफेवर हात ठेवला होता. ठेवला आणि काढला. मला वाटतं, या खेपेला घेणार होता मागे. मी म्हटलं, हात काढला म्हणजे नव्हते घेणार. चाचा म्हणाले, काढला म्हणजे खाली जाऊन विचार करणार होता. आम्ही दोघंही तुम्हाला ओळखण्यावरून भांडलो, आवाज चढवून, आणि खालून अनंता विचारायला आला की काय झालं. तुमची ती चाल कोणाला कधीच कळणार नाही. अखेर चाचांनी तोफा होत्या तिथेच ठेवल्या. म्हणाले, मागे घेऊन चुकलो तर तो मला माफ नाय करणार.

मी पुढे गेले, बाबा. तुमच्या तोफांवर सरळ चाल केली. घोडदळ ओढ्याकडून आणलं, तिथे तुमची फळी नेहमी विरळ असते, हे मला जिन्यातून किती वेळा दिसलं होतं. फासे माझ्या बाजूनं पडले. चाचांनी तुमच्या गोलंदाजांचं काळीज बघितलं. फासे हातात खूप वेळ खुळखुळवले, मग सोडले. काळीज पुरलं नाही.

तोफा पडल्या. असई मी घेतली. पहिलाच डाव, आणि मी जिंकले. जिंकलं की माणूस आपसूक मान वर करतं, तशी मी केली. समोर तुमच्या खुर्चीवर चाचा बसले होते आणि फाशांकडे बघत होते.

बाबा, मला तुमचं हरलेलं तोंड बघायचं होतं.